दोनचा नियम

रांग दिसली की सर थांबलेच. मग ती बँकेतली असो, गॅस सिलिंडरची असो, नाहीतर दवाखान्यातली असो. स्कूटर बाजूला लावायची, हेल्मेट काखेत धरायचं, खिशातून छोटी वही काढायची आणि कोण कोणत्या मिनिटाला पुढे सरकला ते लिहीत उभं राहायचं. स्वतःचं तिथं काडीचं काम नाही. लोकांना आधी वाटायचं हा सरकारी माणूस आहे, मग वाटायचं पेपरवाला आहे, आणि शेवटी कळायचं की हा नुसताच उभा आहे. मग लोक चिडायचे.

नुसतं लिहिण्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण मध्ये तोंड घातल्याशिवाय सरांना राहवत नसे. "भाऊ, तुमची एकच सही आहे ना, तुम्ही पुढं या. बाई, तुमचं पासबुक भरायचं आहे, त्याले येळ लागते, तुम्ही जरा याच्या मागं व्हा." एकदा चंद्रपुरात बँकेत एका माणसाने त्यांची कॉलरच धरली. "तू कोन बे?" सर अगदी शांतपणे म्हणाले, "मी कोनीच नाई. पन तुम्ही माह्यं ऐकलं तर अख्खी रांग बारा मिनिटं आधी घरी जाते." त्या माणसाने कॉलर सोडली. चीड आणणारी गोष्ट अशी की सरांचं गणित दर वेळी बरोबर निघायचं.

मी त्यांची विद्यार्थिनी. चंद्रपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ते शिकवायचे, आणि आम्ही सगळे त्यांना हसायचो. मी तर जास्तच, कारण मला नकला बऱ्या जमतात. पण या माणसाच्या सतरा वर्षांच्या कामाचं मातेरं माझ्या हातून झालं, आणि ते मी त्यांना सहा वर्षं सांगितलं नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे. नुसत्या गमती सांगायच्या असत्या तर त्या हॉस्टेलच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर अजूनही रोज चालतात.

हजेरी ते नावाने घेत नसत. वर्गात ज्या क्रमाने आलो, तो त्या दिवशीचा आपला नंबर. "आजचे चार नंबर, फळ्यावर या." चार वर्षांत त्यांनी माझं नाव एकदाही घेतलं नाही. मी एकदा विचारलं, "सर, तुम्हाला आमची नावं येत नाहीत का?" तर म्हणाले, "येतात ना. पन नाव जन्मभराचं असते. तुम्ही आज किती वाजता आले, ते फक्त आजचं आहे." मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम सगळ्यात शेवटी आले. मला वाटलं, रागावतील. त्यांनी माझा नंबर लिहिला आणि शिकवायला लागले.

ज्याला ऑपरेशन्स रिसर्च म्हणतात तो विषय ते शिकवायचे, म्हणजे कमी वेळात आणि कमी साधनांत काम कसं उरकायचं याचं शास्त्र. आणि गेली सतरा वर्षं ते पीएचडी करत होते. विषय काय, तर विमानतळाच्या एका धावपट्टीवर पाठोपाठ येणारी विमानं कोणत्या क्रमाने उतरवायची. चंद्रपुरात राहून. जिथं कोळशाच्या मालगाड्या आणि ट्रक सोडून दुसरं काही पाठोपाठ येत नाही. पीएचडी नाही म्हणून बढती नाही, आणि बढती नाही म्हणून विभागप्रमुखाच्या खुर्चीत त्यांचाच एक जुना विद्यार्थी बसलेला. त्याचं सरांना काही नव्हतं. पण प्रबंध पुरा व्हावा हे मात्र त्यांच्या जिवाला फार लागलेलं होतं.

बरं, स्वतः कधी विमानात बसलेले नाहीत. आम्हाला एकदा मोरव्याची छोटी धावपट्टी दाखवायला नेलं. कुंपणाबाहेर उन्हात उभं केलं आणि म्हणाले, "हे पाहा. इथी रांग लागत नाई. म्हणून इथी शिकण्यासारखं काहीच नाई. चला." झाली सहल. वरून एखादं विमान जात असलं की मात्र भर रस्त्यात स्कूटर थांबवायचे, मान वर करून उभे. मागे बसलेल्या काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, न सांगता उतरायच्या, भाजीची पिशवी खाली ठेवायच्या आणि पदराने तोंड पुसत उभ्या राहायच्या. विमान दिसेनासं झालं की पुन्हा मागे बसायच्या. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही, असं त्या स्वतःच मला हसत हसत सांगत होत्या.

ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर ते अकरा वेळा गेले आणि एकदाही आत गेले नाहीत. पर्यटकांच्या जिप्सी ओळीने आत सोडतात, ते घड्याळ लावून लिहायचे. शेवटी गेटवरच्या गार्डला राहवलं नाही. "सर, वाघ आतमधी आहे, इथी नाई." सर म्हणाले, "मालूम आहे मले. पन वाघाले रांग नाई."

विमानांचा प्रश्न नेमका काय आहे, ते त्यांनी आम्हाला पिठाच्या गिरणीवर शिकवलं. कॉलेजच्या मागच्या वस्तीत एक गिरणी होती. आम्हा बारा-पंधरा जणांना तिथं नेऊन उभं केलं. गिरणीवाल्याला वाटलं धाडच पडली.

"नीट पाहा," सर म्हणाले. "गव्हावर गहू टाकला तर चक्की थांबवाची गरज नाई. पन गव्हावर ज्वारी टाकाची असली का मधात चक्की झाडा लागते, नाई तर पीठ मिसळते. म्हणून हा भाऊ काय करून राह्यला? गव्हाचे डबे एकामागं एक घेऊन राह्यला. बरोबर करते तो. विमानाचं असंच आहे. मोठं विमान उतरलं का त्याच्या मागं हवा घुसळून निघते. त्या हवेत लहान विमान लगेच आलं तर ते उलथते. म्हणून मधात जास्त मिनिटं सोडा लागतात. मोठ्याच्या मागं मोठंच आलं तर कमी मिनिटात भागते. मंग सांगा, क्रम कसा लावाल?"

"मोठी सगळी आधी, लहान सगळी नंतर," मी म्हटलं. मला नेहमीच उत्तर द्यायची घाई.

"बरं. मंग थे बाई पाहा."

कोपऱ्यात एक म्हातारी बाई ज्वारीचा एकच डबा पुढ्यात घेऊन बसली होती. गव्हाचे डबे येतच होते, आणि नवा डबा आला की गिरणीवाला तो घेत होता, कारण चक्की गव्हावरच चालू होती. सर गिरणीवाल्याशी भांडले, चक्की झाडायला लावली आणि ज्वारी दळवून घेतली. म्हातारी म्हणाली, "बरं झालं बापू, सकाळपासून बसून आहो मी." गिरणीवाल्याने सरांपुढे हात जोडले, "सर, आता तुम्ही या." आम्ही हसत हसत परत आलो. मला वाटलं, हा सरांचा स्वभाव आहे. ते गणित होतं हे मला तेव्हा कळलं नाही.

शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट मी त्यांच्याकडे घेतलं. आवडीने नाही, बाकीच्यांकडे जागा उरली नव्हती. प्रोग्रॅमिंग मला चांगलं यायचं आणि टाइप करताना मी सहसा चुकत नसे. सरांचा प्रोग्रॅम जुन्या पद्धतीचा, सकाळी लावला की दुपारच्या जेवणापर्यंत चालायचा. तो नव्या भाषेत लिहून द्यायचा आणि पडद्यावर विमानं ठिपक्यांसारखी फिरताना दिसली पाहिजेत, एवढं माझं काम. त्यांनी त्यांची हाताने लिहिलेली वही माझ्या हातात ठेवली.

त्या वहीतली नावं म्हणजे एक प्रकरणच होतं. सर फार जुन्या मशीनवर शिकलेले. त्या मशीनला लांब नाव चालत नसे म्हणे, तेव्हापासून पाच अक्षरांच्या वर नाव ठेवायचं नाही हा त्यांचा दंडक. आणि नावं सगळी आपल्या बोलीतली, इंग्रजी अक्षरांत. पी-ए-एल-आय म्हणजे पाळी. आर-ए-एन-जी म्हणजे रांग. टी-एच-ए-एम-बी म्हणजे थांब. मला त्यांचं काही अडलं नाही. पुढे एका ओळीत होतं, बी-ए-एन-डी-आय बरोबर दोन.

आता मी वरोऱ्याकडची. आमच्याकडे कापूस. लहानपणी मी बाबांबरोबर जिनिंगवर जायची, तेव्हा फाटकाबाहेर बंड्यांची ही लांब रांग, आणि चौकीदार दोन-दोन बंड्या आत सोडायचा. एक वजनकाट्यावर आणि एक तिच्या मागे तयार. बंडी म्हणजे बैलगाडी, यात विचारायचं काय? सरांनी दोन-दोन विमानांची बंडी केली आहे, एकसारखी दोन मिळाली की जोडीने सोडायची. मला तर ती कल्पना फारच आवडली. सरांना डोकं आहे हो, असं मनात म्हटलं आणि तसंच लिहून टाकलं. सरांचा प्रबंध दोनशे पानांचा, टाइप होऊन कपाटात ठेवलेला होता. तो मी वाचला नाही. खोटं कशाला बोलू, कंटाळा केला.

प्रोग्रॅम चालवला. चहा यायच्या आत उत्तर आलं, आणि सगळ्या विमानांचं मिळून थांबणं सरांच्या जुन्या उत्तरापेक्षा बरंच कमी झालेलं. सर खुर्चीतून उठले, चष्मा पुसला, पुन्हा बसले.

"एवढं उतरलं? माह्यं कधी उतरलं नाई एवढं."

"नवीन भाषा आहे सर," मी म्हटलं, जणू त्याने विमानं लवकर उतरतात.

"दोनचा नियम ठेवला ना?"

"ठेवला ना सर."

त्यांनी मान हलवली. त्यांचा दोन वेगळा आणि माझा दोन वेगळा, हे दोघांनाही माहीत नव्हतं. एवढा साधा प्रकार होता. एकाने एक शब्द जास्त बोलायचा होता, बस.

माझा निकाल लागून गेला. सरांची तोंडी परीक्षा विद्यापीठाने पावसाळा संपता संपता ठेवली. हैदराबादच्या एका कंपनीचं मला बोलावणं यायचं होतं, तोवर मी चंद्रपुरातच होते, म्हणून प्रोग्रॅम दाखवायला मीच गेले. सर नवा पांढरा शर्ट घालून आले होते, घडीच्या रेघा तशाच दिसत होत्या. काकूंनी सगळ्यांसाठी घरून लाडू पाठवले होते.

बाहेरून आलेले परीक्षक मोठ्या संस्थेतले, हुशार आणि हसतमुख. मी प्रोग्रॅम लावला. ठिपके फिरायला लागले, मोठी विमानं निळी, लहान पिवळी. जोडीजोडीने निळे ठिपके खाली येत होते. नवे येत होते, तेही उतरत होते. परीक्षक खूश दिसत होते. मग त्यांनी पेनाने पडद्याकडे दाखवलं. "हे पिवळं एकटं काय करतंय?"

एक पिवळा ठिपका वर घिरट्या घालत होता. त्याला जोडीदार मिळत नव्हता, म्हणून त्याची बंडी होत नव्हती, म्हणून तो उतरत नव्हता. मला ते तेव्हा असं दिसलं नाही.

"याचं इंधन तर केव्हाच संपलं," परीक्षक म्हणाले, आणि खोलीत हशा झाला. मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि वाईट असं की चांगल्या शब्दांत सांगितलं. सरांच्या नियमाप्रमाणे कोणतंही विमान आपल्या पाळीपासून दोन जागांपेक्षा मागे जाऊ नये. ठीक आहे. पण आकाशात नवी विमानं येतच राहतात, दर वेळी यादी नव्याने लागते. मग एखादं बिचारं दर वेळी दोन जागा मागे, दर वेळी दोन जागा मागे. "रांग ठरलेली असेल तिथं तुमचा नियम चालेल, सर. गावात वगैरे. विमानतळावर नाही."

सर पडद्याजवळ गेले. त्या पिवळ्या ठिपक्यावर त्यांनी बोट ठेवलं. ठिपका बोटाखालून पुढे गेला, त्यांनी बोट पुन्हा ठेवलं. "हो," ते म्हणाले. "दिसून तर राह्यलं." प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला. लाडू कोणी खाल्ले ते मला आठवत नाही.

सर रजा टाकून गावी गेले. नागभीडकडे त्यांचं गाव, धानाचं, मालगुजारांच्या काळातल्या मोठ्या मामा तलावाच्या खालचं. नवव्या दिवशी मी त्यांची वही परत द्यायला तिकडे गेले. खरं कारण वेगळंच होतं. कंपनीला शिफारसपत्र पाहिजे होतं आणि ते सरांकडूनच पाहिजे होतं.

सर घरी नव्हते. त्यांचे बाबा होते, ऐंशीच्या पुढचे, काटक, कमरेला पंचा. ते निघाले होते तलावावर, पाणी सोडायला. जन्मभर गावाचं पाणी त्यांनीच सोडलेलं. "चाल माह्यासंगं, तोवर येते तो," म्हणाले. मी त्यांच्या मागून तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठाच्या मातीच्या भरावावर, चढले. खाली धानाचे चौकोन एकाखाली एक उतरत गेलेले.

"हे आमची बांधी," त्यांनी काठीने एक चौकोन दाखवला. "थे खालची दुसऱ्याची बांधी. त्याच्या खाली आनखीन बांध्या. तुमच्याकडं कापूस, तुले कसं मालूम राहीन."

मी म्हटलं, "बांधी?"

"बांधी. बांध घालून पाणी अडवते ना, ते. पाणी सोडाची पाळी आमी चिठ्ठी टाकून ठरवतो. मंग कोनाची जमीन रेताड असते, कोनाचं धान पोटरीत येते, लोंबी फुटाले होते, त्याले थोडं पुढं घ्या लागते. घेतो. पन कोनीच आपल्या पाळीच्या दोन बांध्याहून जास्त मागं जात नाई. दोन बांध्या मागं गेला तर मानूस मले शिव्या देते. तिसऱ्या बांधीले त्याचं धान वाळते." ते थांबले, माझ्याकडे पाहून हसले. "आन् मोजाचं कुठून? पयल्या चिठ्ठीपासून. रोजच्या रोज नवीन मोजलं तर गरीब मानूस मागं मागंच जाते. तुह्या सरले लहानपनी हेच शिकवलं मी. त्यानं त्याचे विमानं केले."

पाचाच्या वर अक्षरं चालत नाहीत, म्हणून सरांनी बांधीतला एच गाळला होता. बी-ए-एन-डी-आय. परीक्षकांनी दाखवलेलं भोक त्या म्हाताऱ्याने केव्हाच बुजवलेलं होतं, आणि सरांनी तसंच वहीत उतरवलेलं होतं. मी आजोबांना विचारलं, तुम्हाला बसायला सावली पाहिजे का. काहीतरी बोलायचं म्हणून.

घरी आलो तर सर ओसरीवर कागद पसरून बसले होते. दाढी वाढलेली. मला पाहून म्हणाले, "कागदावर बरोबर येते. पयल्या पाळीपासून मोजलं आहे मी. मंग पडद्यावर थे पिवळं काऊन नाई उतरलं? तू टाइप करताना चुकत नाईस. म्हणून खोट माह्याच डोक्यात असन, मले दिसून नाई राह्यली."

तेव्हा सांगायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. सर, मी बंडी वाचलं. ते हसले असते, मला ठाऊक आहे. पण माझ्या पर्समध्ये कंपनीचा कागद होता. मी तो काढला. त्यांनी तिथंच, त्याच पसरलेल्या कागदांवर ठेवून, स्वतःच्या अक्षरात शिफारसपत्र लिहिलं. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे. या मुलीच्या कामात मला आजवर एकही चूक सापडलेली नाही. खाली सही केली आणि चार वर्षांत पहिल्यांदा माझं नाव पूर्ण लिहिलं, स्पेलिंग बरोबर.

मी बसमध्ये बसले आणि स्वतःला सांगितलं, हैदराबादला पोहोचले की फोन करते. मग म्हटलं, जरा बस्तान बसू दे. मग त्यांचाच फोन आला, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, भर दुपारी. मी ऑफिसात होते, आजूबाजूला सगळे बसलेले.

"बिझी आहेस का? एकच विचारायचं होतं. थे दोनचं तू वहीत होतं तसंच टाकलं होतं ना?"

"हो सर," मी म्हटलं.

"मंग बरोबर आहे," ते म्हणाले. "मंग माहीच चूक. ठेव तू, काम कर."

त्याआधीचं सगळं मी चूक म्हणून माफ करून घेतलं असतं कोणाकडून तरी. हे नाही. हे खोटं मी पूर्ण शुद्धीत बोलले, आणि बोलून झाल्यावर जेवायला गेले.

नोकरी अशी की विमानतळांसाठीच हे सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. आमच्याकडे दोनच्या नियमाला भलतंच भारी नाव आहे. पहिल्याच वर्षी टीममध्ये तोच वाद निघाला, की दर वेळी यादी नवी होते तेव्हा एखादं विमान मागेच पडत जातं, काय करावं. मी म्हटलं, पहिल्या पाळीपासून मोजा. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. साहेबांनी पाठ थोपटली. कुठून सुचलं म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, सहज. तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याशी विनाकारण भांडले. त्याला बिचाऱ्याला अजून कळलेलं नाही कशावरून.

सरांचं काही ना काही कानावर यायचं. निवृत्त झाले, गावी राहायला गेले, एवढंच. रांगेत उभे राहून वही काढत नाहीत आता, असं एका मैत्रिणीने सांगितलं. तिला ती चांगली बातमी वाटली. "सुधरले सर," असं तिने ग्रुपवर लिहिलं, आणि खाली सगळ्यांनी हसणारे चेहरे टाकले. मीही टाकला.

या दिवाळीला वरोऱ्याला आले आणि ठरवलं, पुरे झालं. गाडी काढली आणि एकटीच गेले. सर ओसरीवर होते, खूप बारीक झालेले. मला पाहून खूश झाले. काकूंनी पाणी आणलं. मी पाणी न पिताच सांगून टाकलं, कारण प्यायले असते तर पुन्हा राहिलं असतं. बंडी वाचलं, जोड्या केल्या, प्रबंध वाचला नाही, पिवळं विमान त्यामुळे अडकलं. तुमचा नियम त्या प्रोग्रॅममध्ये कधी गेलाच नव्हता सर.

ते उठले. आत गेले, जुनी वही घेऊन आले, ते पान काढलं आणि त्या पाच अक्षरांकडे कितीतरी वेळ पाहात राहिले. काकू दारात उभ्या होत्या.

"म्हंजे बरोबर होता," ते म्हणाले.

"हो सर. आमच्याकडे तोच चालतो. तसाच."

"कधी समजलं तुले?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ताच समजलं, म्हणता आलं असतं. "त्याच वेळी," मी म्हटलं. "नवव्या दिवशी. इथंच. आजोबांनी तलावाच्या पाळीवर सांगितलं तेव्हा."

त्यांनी वही मिटली. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर मी पाय धरले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं. ते अंगणाकडे पाहात बोलायला लागले, मला नाही, असंच.

"तीन साल झाले, मी विद्यापीठाले लिहून देल्लं का माह्या नियमात खोट आहे, प्रबंध परत घेतो म्हणून. खोटं काम आपल्या नावावर काऊन ठेवाचं? ते कागद टाकून आलो आन् इथी बाबा जेवून राह्यले होते. त्याहीलेबी सांगतलं. म्हटलं, बाबा, तुमचा दोनचा नियम चुकीचा निघाला. मोठ्या लोकायनं पाहून सांगतलं."

"मग?" मी विचारलं.

"असन, म्हने बाबा. तू शिकला हायेस." सरांनी वही बाजूला ठेवली. "बाबा गेले मागच्या साली. पन मी सांगतलं त्या दिवसापासून पाणी सोडाले मात्र गेलेच नाई."